दोघांपुरता पुरणावरणाचा स्वयंपाक: होळीच्या संध्याकाळसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळीपौर्णिमेचा दिवस बहुतेकांना कामाचाच असतो. सुट्टी मिळते ती दुसऱ्या दिवशी, धुळवडीला. घरात दोघेच असले आणि दोघेही सहाच्या सुमारास घरी पोहोचत असले, तर पुरणाचा घाट घालावा की नाही, यावर दरवर्षी एकदा चर्चा होते आणि बरेचदा पोळ्या विकतच येतात. घालायचाच असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांच्या मनात येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे इथे दिली आहेत. खाली ‘वाटी’ म्हटले आहे ती आमटीची, साधारण १५० मि.ली.ची, तीत हरभऱ्याची डाळ सुमारे १२५ ग्रॅम मावते.

दोघांसाठी डाळ किती घ्यावी?

एक सपाट वाटी घ्यावी. ती शिजून निथळली की वजनाने दुपटीहून थोडी जास्त भरते. तीत ११० ते १२५ ग्रॅम चिरलेला गूळ घालून आटवले की सव्वातीनशे ते साडेतीनशे ग्रॅम पुरण हाती येते आणि त्याच्या मध्यम आकाराच्या सहा पोळ्या होतात. एक नैवेद्याची, प्रत्येकी दोन जेवणात आणि एक उरलेली, असा तो हिशेब आहे. त्या उरलेल्या पोळीविषयी शेवटी लिहिले आहे.

आमच्या पहिल्या होळीला आम्ही घरून ऐकलेले ‘अर्धा किलो’ हे माप तसेच उचलले आणि रंगपंचमीपर्यंत पुरण खात बसलो. पुढच्या वर्षी त्याचा धसका घेऊन अर्धीच वाटी डाळ घेतली, तर पुरणयंत्राला, पातेल्याला आणि कालथ्याला चिकटून जे वाया गेले त्यानंतर जेमतेम दोन पोळ्यांपुरते उरले, आणि कट, म्हणजे शिजलेल्या डाळीचे निथळलेले पाणी, इतका थोडा निघाला की त्याची आमटी करण्यात अर्थ नव्हता. म्हणून एक वाटी ही आमच्या मते खालची मर्यादा आहे.

घरातले दहा जणांचे माप पाचाने भागले तर चालणार नाही का?

डाळ, गूळ, कणीक आणि तांदूळ भागले तर चालते. पाणी, वेळ आणि फोडणी भागून चालत नाही, आणि थोडक्या स्वयंपाकाची बहुतेक फजिती इथेच होते. दोन किलो डाळ शिजवताना जेवढी वाफ उडते, तिच्या मानाने वाटीभर डाळीतून उडणारी वाफ प्रमाणाने बरीच जास्त असते, म्हणून डाळीच्या तिपटीने पाणी हे मोठ्या घरचे माप लहान पातेल्यात अपुरे पडते. वाटीभर डाळीला चार वाट्या पाणी ठेवावे. याच कारणाने पुरण मात्र चटकन आटते. मोठ्या पातेल्यात अर्धा-पाऊण तास घोटावे लागणारे पुरण इथे दहा-बारा मिनिटांत होते, आणि तेवढ्यात कुणी दार उघडायला गेले तर तळाला लागते.

फोडणीचे म्हणाल, तर दोन वाट्या आमटीला मोठ्या घरच्या हिशेबाने अर्धा चमचा तेल येईल आणि त्यात मोहरी तडतडण्याऐवजी करपेल. दोन चमचे तेल घ्यावेच लागते. मोहरी-जिरे मात्र चिमटीने घालावेत.

लहान कुकर नसल्यास डाळ कशी शिजवावी?

पाच लिटरच्या कुकरमध्ये वाटीभर डाळ थेट टाकू नये, कारण पाण्याचा थर इतका पातळ राहतो की शिट्ट्यांबरोबर ते संपून डाळ तळाशी करपू शकते. कुकरमध्ये खाली दोन वाट्या पाणी घालावे, जाळी ठेवावी आणि डाळ तिच्या चार वाट्या पाण्यासह उंच डब्यात ठेवावी. डबा अर्ध्याहून अधिक भरलेला नसावा, कारण हरभऱ्याच्या डाळीला फेस येतो आणि तो उतू जाऊन शिट्टीत अडकतो. थेंबभर तेल आणि चिमूटभर हळद घातल्यास फेस आवरतो. दोन किंवा तीन लिटरचा कुकर असेल तर डाळ थेट शिजवता येते, मात्र इथेही कुकर अर्ध्याच्या वर भरू द्यायचा नाही. मीठ आणि गूळ आधी घालू नयेत. गूळ पडल्यावर डाळीचे शिजणे जवळजवळ थांबते, त्यामुळे कच्ची राहिलेली डाळ पुढे कितीही घोटली तरी पुरण रवाळच राहते.

डाळ शिजली हे ओळखण्यासाठी एक दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबावा. मध्ये पांढरट टणक कणी लागता कामा नये.

सकाळी कामावर जाताना डाळ भिजत घालून जावे का?

होळीच्या सुमारास महाराष्ट्रात चांगलेच तापू लागलेले असते आणि बंद घराच्या ओट्यावर दहा तास भिजलेली डाळ संध्याकाळी फेसाळून आंबूस वास मारू शकते, म्हणून भिजत घालायचीच असेल तर भांडे फ्रिजमध्ये ठेवून जावे. ते विसरल्यास घरी आल्यावर कडकडीत पाण्यात डाळ तासभर झाकून ठेवावी, तेवढे पुरेसे होते.

पुरण वाटायला पुरणयंत्र लागतेच का, आणि ते झाले हे कसे कळते?

वाटीभर डाळीसाठी पुरणयंत्र काढण्याची गरज नाही. त्याच्या जाळीत आणि पात्याखाली जे राहते ते आपल्या एकूण पुरणाच्या मानाने फार होते. डाळ रोळीत किंवा चाळणीत दहा मिनिटे नीट निथळू द्यावी, गरम असतानाच पिठाच्या चाळणीवर घेऊन वाटीच्या बुडाने घासून काढावी आणि मग गुळाबरोबर शिजायला ठेवावी. काही घरांत आधी गूळ घालून शिजवतात आणि नंतर वाटतात. तीही पद्धत उत्तम आहे, परंतु थोडे पुरण लगेच निवते आणि निवलेले पुरण चाळणीतून उतरता उतरत नाही. मिक्सर वापरायचा झाल्यास गूळ घालण्यापूर्वीच, थांबून थांबून फिरवावा.

गूळ विरघळला की घट्ट डाळ पुन्हा सैल होते आणि नवख्या माणसाला काही तरी चुकल्यासारखे वाटते. ते तसेच व्हायचे असते. जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर हलवत राहावे. पुरण आधी फदफदून उडते, मग गोळा होऊन पातेल्याच्या कडा सोडू लागते. त्यात उलथने उभे केले आणि ते पडले नाही की गॅस बंद करावा. इथे थोडा हात आखडता घ्यावा हे बरे, कारण निवताना पुरण आणखी घट्ट होते, आणि फार आटलेले पुरण कोरडे पडून लाटताना पोळी फाडते. वेलदोडा आणि किसलेले जायफळ शेवटी घालावे. जायफळ पाव चमच्याच्या आतच असावे. चिमूटभर मिठाने गुळाची चव खुलते.

चिक्कीचा गूळ घेऊ नये. तो पाकाला चिवट असतो आणि पुरण ओढल्यासारखे होते. साधा, मऊ गूळ घ्यावा.

कणीक किती आणि कशी भिजवावी?

सहा पोळ्यांना शंभर-सव्वाशे ग्रॅम पीठ लागते. नुसत्या गव्हाच्या पिठाची पोळी चवीला खमंग, पण लाटायला अवघड. तीन भाग कणीक आणि एक भाग मैदा घेतल्यास हात बसेपर्यंत सोपे जाते आणि खाणाऱ्याला फरक जाणवत नाही. चिमूटभर मीठ आणि हळद घालून कणीक पोळीच्या रोजच्या कणकेहून पुष्कळ सैल भिजवावी, नंतर दोन चमचे तेल थोडेथोडे लावत चांगली तिंबावी आणि निदान तासभर झाकून ठेवावी. बोटाने ओढली असता ती न तुटता लांबली पाहिजे. नेम असा की पुरण आणि पारी, म्हणजे बाहेरचे कणकेचे आवरण, यांचा मऊपणा सारखा असावा. पारी घट्ट आणि पुरण मऊ असेल, तर लाटण्याच्या दाबाने पुरण कडेला वाट शोधते.

पोळी लाटताना फुटते. काय करावे?

आपण सारणाच्या लोभाने सुरुवात करतो, हे बहुतेक वेळा त्याचे कारण असते. सराईत हात पारीच्या दुप्पट पुरण भरतात. पहिल्या वर्षी लिंबाएवढ्या कणकेत तेवढेच पुरण भरावे, आणि त्यात कमीपणा मानू नये. पारी वाटीसारखी करताना कडा पातळ आणि मध्यभाग जाडसर ठेवावा, पुरण भरून तोंड मिटवावे आणि वर जमलेला कणकेचा शेंडा खुडून टाकावा, कारण तो राहिला की पोळीच्या मध्यात कच्चा गठ्ठा लागतो. उंडा तांदळाच्या पिठीत घोळवून आधी बोटांनी चापटून घ्यावा, म्हणजे पुरण कडांपर्यंत पोहोचते. त्यानंतर लाटणे हलक्या हाताने, मधून कडेकडे, फिरवावे. पोळपाटावर धुतलेले सुती फडके ताणून बांधले तर पोळी चिकटत नाही. पोळी बटर पेपरवर लाटून कागदासह तव्यावर उलटी टाकण्याची युक्तीही निर्धोक आहे.

एवढे करूनही फुटलीच, तर फुटलेल्या जागी पिठीची चिमूट दाबावी आणि ती बाजू वर ठेवून पोळी तव्यावर घालावी. खालची बाजू पक्की भाजून निघेपर्यंत उलटण्याची घाई केली नाही तर पोळी सावरते. तव्यावर सांडलेले पुरण लगेच ओल्या फडक्याने पुसावे, नाही तर जळलेला गूळ पुढच्या प्रत्येक पोळीला काळे डाग देतो. तव्याला आच मध्यम हवी. पोळी फुगून आली आणि तिला बदामी ठिपके पडले की तूप सोडावे.

खानदेशात खापरावर हातांनी मोठे करत भाजलेले मांडे आणि तेलावर लाटली जाणारी कागदासारखी तेलपोळी यांचे कौतुक ऐकून पहिल्याच वर्षी त्यांच्या वाटेला जाऊ नये, एवढेच इथे सांगावेसे वाटते.

इतक्या थोड्या कटाची आमटी नीट होते का?

होते. चार वाट्या पाण्यातून निथळून सुमारे दोन वाट्या कट मिळतो आणि त्यात घोटलेली चमचाभर डाळ व वाटीभर गरम पाणी घातले की दोघांना दोनदा वाढून घेण्याइतकी आमटी होते. चमचाभर सुके खोबरे आणि अर्धा चमचा जिरे खरपूस भाजून कुटावे. तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळद व कढीपत्त्याची फोडणी करावी, कट ओतावा, सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ, बोराएवढा गूळ, चमचाभर गोडा मसाला, तिखट आणि मीठ घालून दहा मिनिटे खळखळून उकळू द्यावी. ही आमटी पातळच असते. ती दाट करण्यासाठी अधिक डाळ घोटणाऱ्याला आमटी मिळत नाही, वरण मिळते. पश्चिम महाराष्ट्रात हिलाच येळवणीची आमटी म्हणतात, आणि तिथे काही घरांत कांदा-खोबऱ्याचे वाटण लावून ती झणझणीत करतात. नैवेद्य दाखवायचा असेल तर कांदा-लसूण टाळण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी आहे.

ताटात आणखी काय असावे आणि काय सोडले तर चालेल?

पोळी, आमटी, भात, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर आणि तळलेली एकेक कुरडई एवढ्यावर दोघांचे ताट भरते. भजी, वडे, दुसरी भाजी आणि खीर यांना आम्ही रजा दिली आहे; त्यांतला प्रत्येक पदार्थ दोघांसाठी चमचाभर करायचा म्हटला तरी भांडी पूर्णच पडतात. अर्धी वाटी तांदूळ पुरे होतात, आंबेमोहोर मिळाल्यास उत्तम. वरणासाठी तीन चमचे तुरीची डाळ भाताच्या कुकरमध्येच लहान वाटीत शिजते, म्हणून ती सोडण्याचे कारण नाही. कुरडया लहान कढईत, दीड वाटी तेलात तळाव्यात. कुरडई तेलात पसरते, तेव्हा कढई अगदीच चिमुकली असेल तर कुरडईचे दोन तुकडे करून घ्यावेत.

वाढताना मीठ ताटाच्या वरच्या बाजूला मध्ये, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी आणि कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, समोर भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप, ही रीत दोघांच्या जेवणातही पाळावी असे आम्हाला वाटते. तिला वेळ लागत नाही, आणि बाकी सगळे काटछाट केलेले असताना सणाचे ताट सणाचे दिसते ते त्यामुळेच.

सहाला घरी येऊन हे सगळे आठपर्यंत होईल का?

साडेआठ धरावेत. डाळ फ्रिजमध्ये भिजलेली असेल तर आल्याबरोबर एकाने कुकर लावावा आणि दुसऱ्याने कणीक भिजवावी, म्हणजे डाळ शिजून वाटली जाईपर्यंत कणकेचा तास पुरा होतो. सातच्या सुमारास पुरण आटत असताना दुसऱ्या शेगडीवर भात-वरण, नंतर त्याच शेगडीवर आमटी आणि भाजी घ्यावी. पुरण परातीत पसरून पंख्याखाली ठेवले की पंधरा-वीस मिनिटांत निवते. पावणेआठला पोळ्या सुरू कराव्यात आणि त्या मात्र दोघांनी मिळून कराव्यात, एकाने लाटाव्यात व दुसऱ्याने भाजाव्यात, कारण एकटा माणूस लाटत असताना तव्यावरची पोळी हमखास करपते. लाटणारा कोण हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही.

पुरण आदल्या रात्री करून ठेवले तर नैवेद्याला चालते का?

स्वयंपाकाच्या दृष्टीने निश्चित चालते, उलट रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेले पुरण लाटायला सोपे जाते; वापरण्यापूर्वी ते बाहेर काढून मऊ करून घ्यावे लागते एवढेच. कटही फ्रिजमध्ये ठेवावा. परंतु शिजवलेले अन्न दुसऱ्या दिवशी शिळे मानून त्याचा नैवेद्य न दाखवणारी घरे पुष्कळ आहेत आणि तुमचे घर त्यांपैकी असेल, तर पहाटे तासभर लवकर उठून पुरण करणे हा उपाय आहे. होळी सूर्यास्तानंतर पेटते. सोसायटीची होळी सातलाच पेटणार असेल आणि पोळी तयार नसेल, तर नारळ वाहून यावे. पोळी नंतर निखाऱ्यांवर ठेवली तरी चालते, असे आमच्याकडची मोठी माणसे मानत आली आहेत.

दोघांपैकी एकाला मधुमेह असल्यास?

वरच्या मापाने एका पोळीत साधारण १८ ते २० ग्रॅम गूळ जातो, हे आधी माहीत असावे. गूळ साखरेहून निराळा म्हणून चालतो ही समजूत चुकीची आहे. गुळातही मुख्यतः साखरच असते. पोळ्या सहाऐवजी दहा लहान करून त्यातली एक घ्यावी आणि किती चालेल ते आपल्या डॉक्टरांना विचारावे.

परदेशात राहणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

हरभऱ्याची डाळ आणि पिवळ्या वाटाण्याची डाळ दुकानात शेजारी शेजारी असतात आणि दिसायलाही सारख्याच असतात. वाटाण्याची डाळ लवकर शिजून लगदा होते आणि पुरणाला हरभऱ्याची चव येत नाही, म्हणून पाकिटावरचे नाव वाचूनच घ्यावी. गूळ न मिळाल्यास गडद तपकिरी, ओलसर कच्ची साखर चालते. विजेच्या शेगडीची आच कमी केली तरी तबकडी बराच वेळ तापलेली राहते, त्यामुळे पुरण झाले असे वाटण्याच्या दोन मिनिटे आधीच पातेले उचलून बाजूला ठेवावे.

पोळ्या विकत आणल्या तर?

काही बिघडत नाही. मात्र विकतच्या पोळ्यांबरोबर कट येत नाही, आणि आमटीवाचून ते जेवण अर्धवट राहते. मूठभर हरभऱ्याची डाळ मुद्दाम जास्त पाण्यात शिजवून, निम्मी घोटून आमटी घरी करावी. उरलेली डाळ खोबरे-मिरचीबरोबर परतून तोंडी लावायला होते.

उरलेल्याचे काय करावे?

पुरण घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये तीन-चार दिवस आणि फ्रीझरमध्ये महिनाभर राहते. त्याचे दिंड करता येतात: कणकेच्या लहान पोळीत चमचाभर पुरण ठेवून चारी बाजूंनी चौकोनी घडी घालायची आणि मोदकासारखे वाफवायचे. एरवी हा नागपंचमीचा पदार्थ आहे, पण चैत्रात केल्यास कुणी हरकत घेत नाही. आमटी दुसऱ्या दिवशी मुरून अधिक चांगली लागते, तेव्हा ती मुद्दाम वाटीभर जास्त करावी.

राहिली ती सहावी पोळी. ती रात्री फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावी. धुळवडीच्या दिवशी रंग खेळून, अंघोळ करून बाराच्या सुमारास भूक लागते, तेव्हा ती तव्यावर मंद आचेवर तूप सोडून कडा कुरकुरीत होईपर्यंत गरम करावी आणि निम्मी निम्मी, गार दुधाबरोबर खावी.